मनाच्या आजारात प्राण्याचा आधार खरंच होतो का? (अनुभव हवेत)

उंबरठा
बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, शेवटी लिहितेच. माझा धाकटा भाऊ, वय २६, गेली दोन वर्षं डिप्रेशन आणि त्यात मधूनमधून पॅनिक अ‍ॅटॅक. गोळ्या चालू आहेत, काउन्सेलरकडेही जातो. आधीपेक्षा बरा आहे, पण बरा म्हणजे काय तर दुपारी बाराला उठतो, आंघोळ एक दिवसाआड, बोलणं हो-नाही इतकंच. मागच्या सेशनला काउन्सेलरनी सहज विचारलं की घरात एखादा प्राणी आणायचा विचार केलाय का कधी, तेव्हापासून हा कुत्रा कुत्रा करतोय. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने स्वतःहून काहीतरी मागितलंय, त्यामुळे मला तर लगेच हो म्हणावंसं वाटतंय. आई म्हणते, याची स्वतःची आंघोळ होत नाही, कुत्र्याला कोण घालणार? मला उत्तर देता आलं नाही.
तर ज्यांनी स्वतःसाठी किंवा घरातल्या कोणासाठी असा प्राणी आणलाय त्यांनी लिहा प्लीज. फायदा झाला का, आणि नसेल झाला तर तेही लिहा, गोड गोड नको.

शेपटी
आणा. डोळे झाकून आणा.

कुंपणावरचा
डोळे उघडे ठेवून आणा. झाकून आणलं की सकाळी अनवाणी पाय कशात पडतो ते कळत नाही.

निमूट
मी इथे फारसं लिहीत नाही, पण या विषयावर गप्प बसवत नाही. सहा वर्षांपूर्वी अपघात झाला, गाडीत माझ्यासोबत जी व्यक्ती होती ती गेली, मी वाचलो. त्यानंतर रात्री तीन-साडेतीनला दचकून जाग यायची आणि मग सकाळपर्यंत भिंतीकडे बघत बसायचो. पीटीएसडी (आघातानंतर मनावर राहणारा ताणाचा आजार) हे नाव फार उशिरा मिळालं. दरम्यान एका मैत्रिणीला परदेशी जायचं होतं म्हणून ती तिची मांजर दोन महिन्यांसाठी माझ्याकडे ठेवून गेली. (मैत्रीण परत आली, मांजर गेली नाही.)
आता लोकांना वाटतं मांजर कुशीत येऊन बसली, अश्रू पुसले वगैरे. असलं काहीही झालं नाही. ती माझ्याकडे ढुंकून बघायची नाही. पण पहाटे पाचला तिला भूक लागायची आणि मी जिवंत आहे की मेलोय याच्याशी तिला घेणंदेणं नसायचं, वाटी भरली पाहिजे. घरातले सगळे मला जपत होते, आवाज खाली करून बोलत होते, आणि हा एकच प्राणी असा होता की जो माझ्यावर ओरडत होता. मला त्याचा फार आधार वाटला, का ते नीट सांगता येणार नाही. पाचला उठायचं ठरलं म्हणून साडेतीनची जाग थोडी सुसह्य झाली, दीडच तास काढायचा असायचा.
थेरपी सोडली नव्हती हेही लिहून ठेवतो, नाहीतर कोणीतरी म्हणेल मांजरीने बरा झाला.

शेपटी
@निमूट, डोळ्यात पाणी आणलंत. मांजरीला माझ्याकडून एक ढुशी.

सांगकाम्या
चर्चा पुढे जायच्या आधी शब्दांचा घोळ निस्तरून घेऊ, कारण तीन वेगवेगळ्या गोष्टी लोक एकात कालवतात. सर्व्हिस डॉग म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या अपंगत्वाशी निगडित ठरावीक काम शिकवलेला कुत्रा. मानसिक आजारांसाठीही असतात असे. दुःस्वप्न पडताना माणसाला उठवणं, पॅनिक सुरू झालं की अंगावर वजन टाकून पडून राहणं, कोणी स्वतःला इजा करायला लागला तर मध्ये नाक खुपसणं, अशी शिकवलेली कामं. थेरपी डॉग म्हणजे जो मालकासोबत हॉस्पिटलात, शाळेत, वृद्धाश्रमात इतरांना भेटायला जातो. आणि इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल म्हणजे ज्याचं नुसतं असणं हाच आधार, ट्रेनिंगची अट नाही, कुत्राच पाहिजे असंही नाही.
अमेरिकेत हा फरक कायद्यातच आहे. तिथल्या अपंगत्व कायद्याच्या नियमांत २०११ पासून सर्व्हिस अ‍ॅनिमल म्हणजे फक्त कुत्रा (छोट्या जातीच्या घोड्यांसाठी वेगळी तरतूद आहे, हसू नका), आणि नुसता भावनिक आधार देणारा प्राणी त्यात धरत नाहीत. दुकानात जायचा हक्क त्याला नाही. भाड्याच्या घराचा कायदा वेगळा, तिथे मात्र घरमालकाला सपोर्ट अ‍ॅनिमलचाही विचार करावा लागतो. ब्रिटनमध्ये सपोर्ट अ‍ॅनिमलला वेगळा कायदेशीर दर्जा नाही.
उंबरठाताई, तुमच्या भावाला हवाय तो तिसऱ्या प्रकारातला, म्हणजे साध्या भाषेत पाळीव प्राणी. त्याच्याकडून दुसऱ्या प्रकाराची अपेक्षा ठेवू नका आणि पहिल्याची तर मुळीच नको.

टिंब
घोडा फायनल करा. भाऊ आपोआप घराबाहेर राहील.

टिंब
बरं आता सिरियसली. विमानात मोर घेऊन जायला निघालेली बाई आठवते का कोणाला? २०१८ च्या जानेवारीत, न्यूअर्क विमानतळावर. सपोर्ट अ‍ॅनिमल म्हणून मोर! त्याच्यासाठी वेगळं तिकीट काढलं होतं म्हणे, तरी कंपनीने नाही म्हणून सांगितलं. मोराचा फोटो बघा, सामानाच्या ढिगावर असा बसलाय की आधार त्यालाच हवा होता.

सांगकाम्या
आणि अशा प्रकारांमुळेच २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेच्या परिवहन खात्याने नियम बदलला. जानेवारी २०२१ पासून विमान कंपन्यांना सपोर्ट अ‍ॅनिमल मान्य करण्याची सक्ती राहिली नाही. ट्रेनिंग झालेले मानसिक आजारांसाठीचे कुत्रे मात्र चालतात. हौशी लोकांनी मजा केली, गरजू लोकांची सोय गेली.

खडूस_एक
चला, कोणीतरी मुद्द्यावर आलं. या सगळ्याचा धंदा झालेला आहे. ऑनलाइन फॉर्म भरा, पैसे भरा, पाच मिनिटांत सर्टिफिकेट आणि प्राण्याला घालायला जाकीट. अमेरिकेत अशी कुठली अधिकृत सरकारी नोंदणीच नाही, तरी 'रजिस्टर' करून देणाऱ्या साइट्स आहेत. कॅलिफोर्नियाला २०२२ पासून कायदा करावा लागला की सपोर्ट अ‍ॅनिमलची गरज आहे असं पत्र देणाऱ्या डॉक्टर-थेरपिस्टची त्या माणसाशी किमान ३० दिवसांची ओळख पाहिजे, कुत्र्यासाठी पत्र हवं असेल तर. विचार करा, तीस दिवसांची ओळख सुद्धा कायद्याने सांगावी लागते.
आणि मूळ प्रश्न. प्राणी पाळल्याने मन सुधारतं याला पुरावा लोकांना वाटतो तेवढा भक्कम नाही. हॅरॉल्ड हर्झॉग म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, स्वतः प्राणीप्रेमी, त्यांनी २०११ मध्ये हेच मांडलं की काही अभ्यासांत फायदा दिसतो, काहींत काहीच नाही, काहींत उलटं. २०१७ चा कॅलिफोर्नियातला मुलांवरचा मोठा अभ्यास आहे, ५ हजारांहून जास्त घरं, त्यात प्राणी असलेल्या घरातली मुलं सुरुवातीला सरस दिसली, पण घरची परिस्थिती, उत्पन्न वगैरे हिशोबात धरल्यावर फरक जवळजवळ गायब. म्हणजे कुत्र्यामुळे मुलं सुखी नव्हती, ज्यांचं बरं चाललेलं असतं ते कुत्रा पाळतात.

शेपटी
खडूसराव, जपानी लोकांचा २०१५ चा अभ्यास वाचा की, कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांचंही ऑक्सिटोसिन (जिव्हाळ्याशी जोडलेलं संप्रेरक) वाढतं. आई आणि बाळाचं होतं तसं. लांडग्यांमध्ये नाही झालं.

खडूस_एक
वाचलाय. ऑक्सिटोसिन वाढणं आणि डिप्रेशन जाणं यात बरंच अंतर आहे. कर्जाचा हप्ता भरल्यावर माझंही काहीतरी वाढत असणार.

जुनी_वही
मला यातला जुना भाग आवडतो म्हणून थोडं अवांतर करते. १७९६ मध्ये इंग्लंडात यॉर्कला क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी मनोरुग्णांसाठी 'रिट्रीट' सुरू केलं, त्या काळात वेड लागलेल्याला साखळीने बांधणं सर्रास चालायचं. इथे अंगणात ससे, कोंबड्या, समुद्रपक्षी असं सोडलेलं असायचं आणि रुग्णांनी त्यांच्यात रमावं अशी कल्पना होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनेही नर्सिंगवरच्या पुस्तकात लिहून ठेवलंय की दीर्घ आजारी माणसाला छोटा पाळीव प्राणी उत्तम सोबत असतो. स्वतः खिशात घुबडाचं पिल्लू घेऊन हिंडायची, अथीना नाव.
मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याची चाऊ जातीची कुत्री, योफी, सेशन चालू असताना खोलीत बसून असायची आणि वेळ संपली की उठून जांभई द्यायची, फ्रॉइडला घड्याळ बघावं लागायचं नाही असं त्याच्या मुलाने लिहिलंय.
पण खरी गंमत बोरिस लेव्हिन्सनची. बालमानसशास्त्रज्ञ. कोणाशीच न बोलणारा एक मुलगा वेळेच्या आधी क्लिनिकला आला, तेव्हा लेव्हिन्सनचा जिंगल्स नावाचा कुत्रा तिथेच होता. एरवी त्याला पेशंट यायच्या आत बाहेर काढायचे. कुत्रा सरळ मुलाकडे गेला, चाटायला लागला, आणि मुलगा घाबरायच्या ऐवजी त्याच्याशी खेळायला लागला. पुढचे कितीतरी सेशन तो मुलगा कुत्र्याशीच खेळला, डॉक्टर बाजूला. मग हळूहळू त्या खेळात डॉक्टरलाही घेतलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लेव्हिन्सनने हे परिषदेत मांडलं तर लोक हसले, एकाने विचारलं म्हणे की फीमधला किती वाटा कुत्र्याला देता.

खडूस_एक
प्रश्न बरोबर होता. किती द्यायचा?

कुंपणावरचा
खडूसराव तुम्हाला कुत्रा कधी चावला होता का हो, खरं सांगा

खडूस_एक
घरी दोन आहेत. त्यातला एक या क्षणी माझ्या पायावर झोपलाय आणि पाय बधिर झालाय. प्रेम आणि पुरावा वेगळे ठेवता आले पाहिजेत इतकंच म्हणणं.

टिंब
खडूसरावांचं खातं हॅक झालंय असा संशय येतोय.

पाचवा_कोन
थोडा वेगळा अनुभव. मला ओसीडी आहे, म्हणजे तेच तेच विचार आणि कृती थांबवता न येणं, माझ्या बाबतीत जंतूंची भीती, हात धुणं. कोणीतरी सुचवलं म्हणून कुत्रा आणला, की घाणीची सवय होईल. झालं उलटं. त्याचे पंजे धुण्यात माझे रोजचे दोन-दोन तास जायला लागले, तो बाहेरून आला की लादी, मग परत पंजे, मग माझे हात. बिचाऱ्याची कातडी सोलवटली. माझी थेरपिस्ट म्हणाली आजाराला एक नवीन खेळणं मिळालं. तर आजार कुठला आहे यावर बरंच अवलंबून असतं.
दुसरं, पॅनिकवाल्यांनी हे लक्षात ठेवा. कुत्रा सोबत असेल तरच मी बाहेर पडते, असं होऊन बसतं. थेरपीत आपण शिकत असतो की भीती आली तरी काही होत नाही, ती आपली आपण उतरते. इथे मेंदू शिकतो की कुत्रा होता म्हणून वाचलो. मग ज्या दिवशी कुत्रा सोबत नाही त्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

निमूट
@पाचवा_कोन, मान्य, पण पाय मोडल्यावर कुबडी घेतोच ना आपण. कुबडीची सवय लागेल म्हणून कोणी सरपटत नाही.

पाचवा_कोन
कुबडी देणारा डॉक्टर ती कधी सोडायची तेही सांगतो. कुत्रा सोडता येत नाही, सोडूही नये. म्हणून काउन्सेलरला आधीच विचारून ठेवा की कुठे एकट्याने जायचं आणि कुठे त्याला घेऊन. आम्ही उशिरा ठरवलं.

अर्धविराम
मी आणि माझी लॅब्रॅडॉर मिळून चार वर्षं थेरपी व्हिजिट करतोय. इथे सगळे माणसाबद्दल बोलतायत, मी तिच्या बाजूने बोलते. एका वेळी एक तास, त्याच्या वर मी तिला थांबू देत नाही, समोर कोणी कितीही आग्रह करो. कारण दमल्याचं ती तोंडाने सांगत नाही. झोप आलेली नसताना जांभया, समोर खाऊ नसताना ओठ चाटणं, मान दुसरीकडे वळवणं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, कोरडी असताना ओली असल्यासारखं अंग झटकणं. हे दिसलं की निघायचं. कितीतरी व्हिडिओत लोक रडत कुत्र्याला घट्ट मिठी मारतात आणि खाली सगळे बदाम टाकतात, मला त्यात फक्त तो कुत्रा सुटायला बघताना दिसतो. बऱ्याच कुत्र्यांना मिठी आवडत नाही, ते सहन करतात.
घरातला माणूस चोवीस तास दुःखात असेल तर त्या घरातल्या कुत्र्याला सुट्टी कधी? त्याला झोपायला अशी एक जागा द्या जिथे तो गेला की कोणी हात लावायचा नाही. भावाने सुद्धा.
आणि जंत, लसी, गोचिड्या हे वेळच्या वेळी. गोळ्यांनी ज्यांची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते त्यांनी डॉक्टरला विचारूनच. कासवं वगैरे लहान मुलांच्या घरात नकोतच, साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असतो त्यांच्या अंगावर.

योफीची_जांभई
(जुनी_वही यांचा प्रतिसाद वाचून आयडी काढला.) झंझट नको असेल तर रोबो आणा की. जपानमध्ये पारो नावाचा आहे, सीलच्या पिल्लासारखा दिसतो, पांढरा, केसाळ, कुरवाळलं की डोळे मिटतो. स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या लोकांसाठी वापरतात. अमेरिकेत २००९ मध्ये त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली आहे. शी-शू नाही, चावत नाही, मरत नाही.

शेपटी
भूक पण लागत नाही ना. निमूट यांचा प्रतिसाद परत वाचा.

टिंब
मरत नाही असं काही नाही. तिकडे आयबो रोबो-कुत्र्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा लोकांनी मंदिरात रीतसर अंत्यविधी केले त्यांचे. भिक्षू, मंत्र, सगळं. हे खरं आहे, शोधून बघा.

संपादक
रोबोंसाठी वेगळा धागा काढा. इथे धागाकर्तीला उत्तर हवंय.

काल_परवा
सगळ्यांचं वाचून झालं, आता मला जे लिहायचंय ते लिहिते, आवडणार नाही. मी कुत्रा परत दिलाय.
डिप्रेशनमध्ये होते, एकटी राहत होते. पिल्लू आणलं, दोन महिन्यांचं. पहिले पंधरा दिवस स्वर्ग. मग लक्षात आलं की पिल्लू म्हणजे तान्हं मूल, दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यायचं, दात येतात म्हणून सगळं कुरतडायचं, रात्री रडायचं. माझी झोप आधीच बिघडलेली, ती पार गेली. एक दिवस मी उठूच शकले नाही. अक्षरशः. तो दाराशी जाऊन रडत होता, मग त्याने तिथेच केलं, आणि मग माझ्याजवळ येऊन मान खाली घालून बसला, जणू त्याचीच चूक. त्या दिवशी मी जेवढी रडले तेवढी आजारपणात कधी रडले नव्हते. आपण स्वतःला सांभाळू शकत नाही हे माहीत होतं, आता आपल्यामुळे आणखी एका जिवाचे हाल होतायत हेही आलं डोक्यावर.
चार महिन्यांनी एका कुटुंबाने नेला. सुखात आहे, फोटो येतात. मी ते फोटो अजून उघडत नाही.
उंबरठा, तुझी आई वाईट नाही बोलली. मला तेव्हा असं कोणी विचारायला हवं होतं. पण नाही म्हणू नकोस भावाला, फक्त हे ठरव की ज्या दिवशी तो उठणार नाही त्या दिवशी कोण उठणार. नाव ठरव, 'आपण बघू' नको. आणि पिल्लू नको. चुकूनही नको.

निमूट
काल_परवा, तुम्ही सोडलं नाहीत त्याला, चांगल्या घरी पोचवलंत. दोन्हीत फरक आहे.

खडूस_एक
या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद. माझे आकडे बाजूला ठेवा आणि हा वाचा.

उंबरठा
काय बोलू कळत नाही. काल_परवा, एवढं उघड लिहिलंस, खूप थँक्यू गं. आईला वाचून दाखवलं. ती पहिल्यांदाच म्हणाली की मी नाही म्हणत नव्हते, मी विचारत होते.
भावाशी बोलले. सकाळचं फिरवणं त्याचं, तो उठला नाही तर माझं, आणि मी गावाला असेन तर आईचं. (आईने स्वतः हात वर केला!!) काउन्सेलरशीही बोललो, त्या म्हणाल्या आठवड्यातून दोनदा तरी त्याने कुत्र्याशिवाय एकट्याने बाहेर पडायचं, हे आधीच लिहून ठेवू. आता पिल्लू नाही तर काय?

अर्धविराम
मोठं वय झालेली कुत्री बघ, सात-आठ वर्षांची. स्वभाव ठरलेला असतो, शी-शूची शिस्त असते, दिवसातला बराच वेळ झोपतात. निवारा चालवणाऱ्यांकडून आधी फॉस्टर म्हणून आण, म्हणजे महिना-दोन महिने तात्पुरती. नाही जमलं तर परत देणं हे आधीच ठरलेलं असतं, कोणी हरलं असं होत नाही.

कुंपणावरचा
फॉस्टर म्हणून आणलेला परत गेलेला मी अजून पाहिला नाही, पण बोलायला ठीक आहे.

उंबरठा
(अडीच महिन्यांनी) धागा वर काढतेय, बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं. फॉस्टर म्हणून एक कुत्री आणली, नऊ वर्षांची, एका कानाने ऐकू येत नाही. पहिले आठ दिवस पलंगाखालून बाहेरच आली नाही. भाऊ रोज पलंगाशेजारी जमिनीवर पडून राहायचा, तिच्याशी बोलायचा नाही, नुसता मोबाईल बघत. नवव्या दिवशी ती बाहेर येऊन त्याच्या पायापाशी बसली, तो मला मेसेज करतो, पलीकडच्या खोलीतून, 'हलू नकोस, इकडे येऊ नकोस'.
जादू वगैरे झालेली नाही. मागच्या महिन्यात एक मोठा पॅनिक अ‍ॅटॅक येऊन गेला, तेव्हा ती घाबरून परत पलंगाखाली गेली होती, म्हणजे वजन-बिजन टाकून झोपली नाही, सांगकाम्या म्हणाले तसंच. गोळीचा डोस वाढला. सहा वेळा असं झालं की तो उठला नाही आणि मी गेले तिला घेऊन. पण बाकीचे दिवस साडेसातला तो खाली असतो. कधीकधी आल्यावर सांगतो, आज अमुक झाडापाशी किती वेळ थांबली वगैरे. हो-नाहीच्या पुढचं बोलणं आहे ते.
कुंपणावरचे जिंकले, परत देत नाही आहोत, कागद झाले काल. आंघोळ मात्र अजून एक दिवसाआडच, आता दोघांचीही. तो तिला घालतो आणि मग भिजलाच आहे म्हणून स्वतःची करतो.

अर्धविराम
अगं एक दिवसाआड कुत्र्याला आंघोळ? बंद कर लगेच, त्वचा कोरडी पडेल तिची, खाज सुटेल. महिन्यातून एकदा पुष्कळ झाली.

टिंब
तिची महिन्यातून एकदा करा, पण भावाला सांगू नका.